पांढऱ्या जमिनीचा सातबारा

जमीन हा शब्द कानावर पडला की बँकेतल्या माणसाला आधी सातबाराचा उतारा दिसतो, मग त्यावरचा बोजा, मग जामीनदार आणि शेवटी वसुलीची नोटीस. कापडालाही जमीन असते हे कॉमर्सच्या तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. तिथं कापडाविषयी आम्हाला एवढंच शिकवलं, की आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा. तो साठा लाल होता की निळा, फुलाफुलांचा होता की साधा, हा प्रश्न एकाही परीक्षकाला पडला नाही.

मराठी घरातल्या बायकांना मात्र हे शिकावं लागत नाही. ‘मोतिया जमिनीवर राणी रंगाचे बुट्टे’ हे वाक्य त्या इतक्या सहज बोलतात, की मध्येच तलाठ्याला बोलवावंसं वाटतं. फुलं, पानं, मोर, कोयऱ्या ही सगळी कुळं. आणि ज्या साध्या कापडावर ती नांदतात ती जमीन. इंग्रजांनीही तिला ‘ग्राउंड’च म्हटलं. फुलाला उभं राहायला जमीन लागते याबाबत दोन्ही भाषांचं एकमत दिसतं.

गंमत अशी, की या जमिनीकडे कुणी बघत नाही. बघणारा फुलं बघतो, मोर बघतो, ‘काय सुरेख रंग आहेत हो!’ म्हणतो आणि पुढं जातो. ज्या दिवशी जमीन चुकते त्या दिवशी मात्र सगळ्यांना तेवढीच दिसते. हा नियम बँकेतल्या कॅशियरलाही लागू आहे. वर्षभर हिशेब पैशाला पैसा जुळला तर त्याचं नाव साहेबांनाही आठवत नाही. एका संध्याकाळी पाचशेची तूट येऊ द्या, मग बघा, शिपायापासून ऑडिटरपर्यंत सगळे त्याची जन्मतारीखसुद्धा सांगतात!

हा सगळा विषय आमच्या घरी आला तो एका गोधडीच्या निमित्तानं. माझ्या भाचीला मुलगी झाली, आणि तिच्यासाठी घरातल्या बायकांच्या जुन्या कपड्यांची गोधडी करायचं ठरलं. बेत अगदी साधा. नऊ इंचांचे चौकोन. एक चौकोन छापील कापडाचा, त्याच्या शेजारचा साध्या कापडाचा, पुन्हा छापील, पुन्हा साधा. बुद्धिबळाच्या पटासारखा. अडचण होती ती छापील चौकोनांची. त्यात माझ्या आईची एक जुनी वायलची साडी होती. तिच्यावर जेवणाच्या ताटाएवढी सूर्यफुलं, आणि तीही लाल! धाकट्या आत्याच्या पातळावर केळीची पानं होती, जवळजवळ मूळ मापाची. आमच्या हिचा कलमकारीचा एक झबला आणि बहिणीचा गडद निळा ठशाच्या छपाईचा परकर. यातला प्रत्येक कपडा स्वभावानं तापट. चौघी जणी एका खोलीत बसून एकाच वेळी बोलायला लागल्या तर जे होतं ते या चौघींच्या कपड्यांचं एका चादरीवर होणार होतं. त्यांच्यामध्ये बसून सगळ्यांचं ऐकून घेणारं कापड कोणतं, हा प्रश्न होता.

‘पांढरं,’ ही म्हणाली.

‘पांढरं?’ आई चष्मा वर करून म्हणाली. ‘अगं, तान्ह्या पोरीच्या अंगाखाली जायचंय ते. चार दिवसांत नकाशा होईल त्याचा. काहीतरी मळखाऊ घ्या. विटकरी घ्या, नाहीतर कॉफी.’

‘आई, विटकरीवर तुमची ती लाल सूर्यफुलं दिसायची तरी का? दोन्ही एकच होऊन जाईल.’

‘न दिसेनात! ऊब द्यायचीय, का दाखवायचीय?’

दोघींचंही बरोबर होतं. घरातल्या वादात ही मोठी पंचाईत असते. बँकेत निदान एक बाजू जमेची आणि एक नावेची, असं स्वच्छ तरी असतं. माझं मत कुणी विचारलं नाही. ते तसं विचारत नाहीतच. फार तर ‘नोंद घेतली’ जाते. म्हणून मी आपला वाचनालयात गेलो, आणि तिथं कापडाच्या इतिहासाच्या पुस्तकांत मला कळलं की हा खटला आमच्या घरातला नाहीच. तो १६४३ सालचा आहे.

त्या साली लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेच्या आपल्या वखारीला एक पत्र लिहिलं. विषय काय? रजयांची जमीन! इकडून रंगवलेल्या सुती रजया विलायतेला जात असत. संचालकांचं म्हणणं थोडक्यात असं, की पुढं ज्या रजया पाठवाल त्यांची जमीन जास्त पांढरी असू द्या. फुलं आणि फांद्या रंगीत असोत, मध्यभागी असोत आणि चित्रकाराला आवडतील तशा असोत. सध्या येणाऱ्या बहुतेक रजयांची जमीन मलूल तांबडी असते आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांना पसंत पडत नाही.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे आमची ही लंडनच्या संचालक मंडळात आणि आई सुरतेच्या बाजूनं! पावणेचारशेहून अधिक वर्षं झाली, तरी तक्रार तीच, रंग तेच.

जरा काळ बघा. १६४३ साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपलेली. इकडे शिवाजीमहाराज तेरा वर्षांचे. आणि या धामधुमीत लंडनमध्ये टेबलाभोवती बसलेली शहाणीसुरती माणसं पांघरुणाच्या रंगावर चर्चा करताहेत. हेड ऑफिसचा स्वभाव काही बदललेला नाही. बाहेर आकाश कोसळत असलं तरी परिपत्रक निघतंच. पुन्हा पत्राची रीतही ओळखीचीच: फुलं तुमच्या मर्जीनं काढा, पण जमीन आमच्या मर्जीची! हे पत्र गलबतातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून सहा-सात महिन्यांनी सुरतेला पोचायचं, मग कारागिरांना सांगायचं, मग माल तसाच उलटा जायचा. एका जमिनीचा रंग बदलायला दोन वर्षं. आमच्याकडे पत्ता बदलायला लागतात त्याच्या मानानं हे काही फार नाही.

आता कुणी म्हणेल, पांढरी जमीन मागितली यात कारागिराचं काय गेलं? उलट काम कमी. जेवढं रंगवायचं नाही तेवढं सोडून द्यायचं. मीही तसंच समजत होतो. पण त्या काळची कृती वाचली आणि पांढऱ्या रंगाविषयी आदर वाटू लागला.

आपल्याकडे कोरोमंडलच्या किनाऱ्यावर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवत. हिरडा रंगाला धरून ठेवतो आणि दुधाच्या स्निग्धपणामुळं कलमानं ओढलेली रेघ फुटत नाही. मग जिथं लाल हवा तिथं तुरटीचं पाणी लावायचं, आणि जिथं काळा हवा तिथं गुळाच्या पाण्यात आंबवलेल्या लोखंडाचं. त्यानंतर सगळं कापड लाल मुळांच्या काढ्यात उकळायचं. तिकडे त्यासाठी चायची मुळं वापरत, आपल्या दख्खनेत आलाची. तुरटी लावलेल्या जागी लाल रंग कायमचा बसतो; आणि बाकीच्या जागी तो कायमचा बसत नाही, पण जाता जाता गुलाबट डाग मात्र ठेवून जातो, पाहुण्यांच्या पोरांनी भिंतीवर ठेवावा तसा. हा डाग घालवायला कापड शेणाच्या पाण्यात भिजवायचं, धुवायचं, उन्हात पसरायचं, वाळू न देता वरून पाणी शिंपडत राहायचं, आणि हे दिवसच्या दिवस. तेव्हा कुठं मूळची जमीन पांढरी होऊन वर येते. त्यानंतर निळा. जिथं निळा नको ते सगळं मेणानं झाकायचं आणि कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. शेवटी पिवळा हातानं.

थोडक्यात, तांबड्या जमिनीला रंग लागतो आणि पांढरीला नदी, ऊन आणि माणसाचं आयुष्य लागतं. चित्रात जे काहीच काढलेलं नाही त्याचीच मेहनत सर्वांत जास्त! लंडनच्या त्या मंडळींना हे माहीत असतं तर त्यांनी पत्र लिहिलं नसतं, असं मात्र समजू नका. लिहिलंच असतं. दर कमी करून मागितला असता.

ही पांढऱ्या जमिनीची रंगीत चीट विलायतेत अशी काही चालली, की चिटाच्या शब्दासकट तिकडे गेली. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ तो आपला छींटच, आणि ‘पॅलमपोर’ म्हणजे आपला पलंगपोस. सॅम्युएल पेपिस नावाचा एक गृहस्थ लंडनला नौदलाच्या कचेरीत क्लार्क होता. क्लार्क म्हणजे हुद्द्याचं नाव हो, आमच्यासारखा नव्हे. त्यानं १६६३ साली बरीच पाहणी करून बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींसाठी हिंदुस्थानी चीट विकत घेतली आणि ती फार छान आहे असं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. बायकोसाठी कापड आणून ते पसंत पडल्याची नोंद मागं ठेवणारे नवरे इतिहासात फार नाहीत.

पण चीट इतकी आवडली की तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. लोकर आणि रेशीम विणणारे ओरडू लागले. फ्रान्सनं १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली, ती ७३ वर्षांनी, १७५९ साली उठली. इंग्लंडनं १७०० साली कायदा करून हिंदुस्थानातली छापील कापडं वापरासाठी आणायला मनाई केली. तरी बायका ऐकेनात. कोरं कापड आणून तिकडेच छापायला लागले. तेव्हा १७१९ साली लंडनमध्ये विणकर रस्त्यावर उतरले आणि चिटाचे झगे घातलेल्या बायकांचे कपडे भर रस्त्यात फाडू लागले. मग १७२१ चा कायदा आला. छापील सुती कापड अंगावर घातलं तर दंड पाच पौंड, विकलं तर वीस! अंथरुणाला, खुर्चीला, पडद्याला वापरायचीही बंदी. म्हणजे त्या काळी आमच्या आईची सूर्यफुलं लंडनच्या रस्त्यावर निघाली असती तर सूर्यफुलाला पाच पौंड या हिशेबानं नाही, पण साडीला तरी नक्की पडले असते. इंग्लंडात हे सगळं १७७४ सालापर्यंत चाललं.

या भांडणात त्या विणकरांना नुसतं हसून चालत नाही. त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. आणि पुढं पारडं फिरलं तेव्हा हसायला आपल्याकडेही कुणी उरलं नाही. १७८३ साली तिकडे रुळांवर कापड छापण्याच्या यंत्राचं पेटंट निघालं. १८१३ साली कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी गेली आणि तिकडचं गिरणीचं कापड इकडच्या बाजारात गठ्ठ्यांनी यायला लागलं. ज्यांनी जगाला पांढऱ्या जमिनीवर फुलं काढून दाखवली त्यांच्या हातून ती जमीन गेली. खरोखरची जमीन गेली की निदान सातबारावर फेरफार तरी होतो. यांची कुठंच नोंद नाही. कोणत्या चित्रकारानं कोणती फांदी ‘मर्जीनं’ काढली, त्यातल्या एकाचंही नाव त्या रजयांवर नाही.

चीट महाग होती, तिच्यावर बंदीही होती, आणि म्हणूनच तिचा वीतभर तुकडासुद्धा फेकवत नसे. इंग्लंडात लेव्हन्स हॉल नावाचा एक जुना वाडा आहे. तिथं हिंदुस्थानी चिटाचे तुकडे जोडून केलेली रजई आणि पलंगाचे पडदे आहेत. ते १७०८ सालचे मानतात, आणि तिकडच्या ठिगळकामाचा तो सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. पुढं इंग्लंडात आणि अमेरिकेत बायकांनी आणखी एक युक्ती काढली. चिटातलं एकेक फूल, एकेक पक्षी कात्रीनं कापून काढायचा आणि स्वस्तातल्या साध्या पांढऱ्या कापडावर ऐसपैस अंतरावर शिवायचा. एक वार चिटात अख्खा पलंग! थोडं भांडवल, मोठा व्यवसाय. बाकी सगळी जमीन. याला आमच्याकडे फार चांगलं नाव आहे, पण ते ऑडिटरसमोर घेत नाहीत.

एवढं ज्ञान घेऊन मी घरी आलो आणि जेवताना दोघींपुढं मांडलं. ही म्हणाली, ‘म्हणजे पांढरंच.’ आई म्हणाली, ‘म्हणजे आपल्याकडे आधीपासून तांबडंच.’ इतिहासापासून माणूस काय शिकतो ते मला तेव्हा कळलं.

मग आम्ही पेठेतल्या दुकानात गेलो. ‘पांढरं दाखवा’ म्हटल्यावर दुकानदारानं अकरा ठाण उलगडले. शुभ्र, मोतिया, हस्तिदंती, सायीचा, कवडी, बदामी... मला ते अकराही पांढरेच दिसत होते. पण ही बरोबर तुकडे घेऊन आली होती. तिनं ते एकेका ठाणावर ठेवले, ठाण दिव्याखालून उचलून दुकानाच्या दाराशी उजेडात नेला, चार पावलं मागं सरली आणि डोळे बारीक केले. ‘अहो, तुम्हीपण करा.’ मी केले. दुकानदारानंही केले. पलीकडं एक बाई परकराचं कापड घेत होत्या, त्यांनीही भीतभीत केले. आणि खरंच सांगतो, डोळे बारीक केल्यावर रंग पुसट झाले आणि नुसता गडदपणा-फिकेपणा उरला. विटकरीवर आईची सूर्यफुलं पाण्यात विरघळावीत तशी गेली. कॉफीवर बहिणीचा निळा परकर बुडाला. अगदी शुभ्र पांढऱ्यावर सगळं उठून दिसलं खरं, पण इतकं, की प्रत्येक चौकोन वेगळा ओरडू लागला. सायीच्या रंगावर मात्र सगळ्या जणी बोलत होत्या आणि प्रत्येकीचं ऐकू येत होतं. सूर्यफुलाच्या पाकळीच्या कडेला आणि केळीच्या पानाच्या शिरेत तोच सायीचा रंग बारीक होता. ज्या कापडाला जमीन द्यायची, त्याच्याच पोटातला शांत रंग शोधायचा, असं ही म्हणाली. लंडनच्या पत्रात एवढं नव्हतं.

ठाणाला कात्री लागणार एवढ्यात आई म्हणाली, ‘थांबा जरा. हा रंग घरात आहे.’

घरी आल्यावर तिनं पेटीतून बाबांची दोन धोतरं काढली. पूजेला आणि लग्नामुंजीला नेसायची. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. मूळ पांढरी धोतरं घडीत राहून राहून बरोबर सायीच्या रंगावर आली होती. हिनं एकाच्या घडीवर सूर्यफुलाचा तुकडा ठेवला. कुणी डोळे बारीक केले नाहीत.

‘आयुष्यभर आम्ही बायका बोलायचो आणि हे मध्ये बसून ऐकायचे,’ आई म्हणाली. ‘आताही बसू देत.’

धोतर विरलेलं असल्यामुळं खालून मांजरपाट लावला. लाल कापडं आधी दोनदा वेगळी धुतली, नाहीतर पहिल्याच धुण्यात सायीचा गुलाबी व्हायचा. अस्तराला आईच्या हुकुमानं विटकरी कापड घेतलं. गोधडीला दोन बाजू असतात, ही सोय लंडनच्या संचालकांना कशी सुचली नाही कोण जाणे. कडेपासून सुरू करून आत आत फिरत जाणारा धावदोरा दोघींनी मिळून घातला. आईचे टाके जरा लांब, हिचे जरा आखूड. दीड महिना लागला. सुरतेपेक्षा लवकर.

भाची गोधडी न्यायला आली तेव्हा पांढरी बाजू बघून तिनंही तेच विचारलं, ‘आजी, डाग पडला तर गं?’

‘पडणारच,’ आई म्हणाली. ‘धू, ओली असतानाच उन्हात टाक, आणि वाळत आली की वरून पाणी शिंपड. दोन-तीन दिवस कर असं. जातो डाग.’

कोरोमंडलची कृती आईला कुणी सांगितली मला माहीत नाही. ती वाचनालयात कधी गेलेली नाही.